ताबा कुणाचा, पालक कोण?

समजा, आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन पंचवटीत माहेरी राहते आणि वडील पुण्याला. ताब्यासाठी वडिलांना अर्ज करायचा तर तो नाशिकलाच; १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्यानुसार मूल एरवी जिथे राहतं, तिथलं न्यायालय.

निकालापर्यंत मूल कुणाजवळ, हे अंतरिम ताब्याच्या आदेशात ठरतं. दुसऱ्याला भेटीचा हक्क मिळतो, आणि खरी मेख इथेच असते. ‘महिन्यातून दोनदा भेट’ एवढ्यावर भागत नाही. निमाणी स्टँडवर मुलाला कोण आणून सोडणार, रविवारी परत किती वाजता, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, व्हिडिओ कॉल कधी, हे सगळं लेखी हवं. नाहीतर दर सणाला नवा अर्ज!

ताबा म्हणजे रोजचा सांभाळ; पालकत्वात मुलाची मिळकत आणि मोठे निर्णयही येतात. १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे ठेवतो, पण नैसर्गिक पालक आधी वडील, ‘त्यांच्यानंतर’ आई. जिजाबाई गजरे यांच्या खटल्यात नवरा-बायको वीसेक वर्षं वेगळे राहत होते, मुलीची मिळकत आईच पाहत होती. १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईलाच नैसर्गिक पालक मानलं.

पुढे लेखिका गीता हरिहरन यांचा खटला मुलाच्या नावे घ्यायच्या रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांवरून उभा राहिला. १९९९च्या निकालाने ‘नंतर’मध्ये वडिलांची गैरहजेरीही धरली. कायद्यातले शब्द मात्र जिथल्या तिथे. संयुक्त ताब्याची शिफारस विधी आयोगाने २०१५मध्ये केली. तीही अजून कागदावरच आहे.