ड्राय बाल्कनीतला नायटा

आमच्या खराडीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी जागा आहे. बिल्डरच्या नकाशात तिचं नाव ‘ड्राय बाल्कनी’. जूनच्या मध्यापासून गणपती जाईपर्यंत घरातली सगळ्यात ओली जागा कोणती असेल तर ती हीच. कोपऱ्यात वॉशिंग मशीन, वर दोन दोऱ्या, दोऱ्यांवर पाच माणसांचे कपडे एकमेकांना बिलगून, आणि परवा धुतलेली जीन्स कमरेच्या पट्ट्यापाशी अजून दमट.

दोन पावसाळ्यांपूर्वी मुलीनं टी-शर्ट जरा वर करून कमरेवरचा चट्टा दाखवला. पाच रुपयांच्या नाण्याएवढा, कड लाल आणि किंचित उचललेली, कडेवर बारीक कोंडा, मधली कातडी मात्र जवळजवळ स्वच्छ. ओळखायला डॉक्टर लागत नव्हता. नायटा. कोणी गजकर्ण म्हणतं, कोणी नुसतं ‘इन्फेक्शन’.

मलम शोधायला मी कपाट उघडलं आणि संध्याकाळपर्यंत घरात तीन ट्यूबा सापडल्या. एक नवऱ्याच्या दाढीच्या सामानात. एक सासूबाईंच्या फडताळात, विड्याच्या डब्यामागे. तिसरी भाच्याच्या सॅकमध्ये. तो लातूरहून पहिल्या नोकरीसाठी आलेला, हॉलमध्ये झोपत होता. तिन्ही निम्म्या पिळलेल्या. जांघेतल्या खाजेबद्दल मराठी घरात कोण कोणाला सांगतं? तिघंही आपापल्या जागी गुपचूप खाजवत होते, आणि तिघांची गोष्ट एकाच वाक्याची होती: लावलं की दोन दिवसांत जातं, मग परत येतं.

या वाक्याचा उत्तरार्ध खोटा आहे हे मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं. नायटा परत येत नव्हता. तो गेलेलाच नव्हता.

नायटा ही बुरशी. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, केसांत आणि नखांत केराटिन नावाचं चिवट प्रथिन असतं. ते पचवणारे जीव फार थोडे. डर्मॅटोफाइट गटातल्या बुरशा त्यांपैकी. केराटिन विरघळवणारी विकरं सोडत त्यांचे धागे त्या मृत थरातून आडवे सरकतात. जिवंत थरात त्या सहसा उतरत नाहीत, पण त्यांचा सुगावा खाली लागतो आणि शरीराची प्रतिकार यंत्रणा धावून येते. लाली, सूज, खाज हे सगळं त्या झटापटीचं. मधला भाग लढून मोकळा होतो, बुरशी ताज्या कातडीच्या शोधात बाहेर सरकते, म्हणून गोल कडं. चट्ट्यात बुरशी सर्वांत जास्त कुठे असेल तर त्या लाल कडेवर. आणि आपण मलम चोळतो ते मधोमध.

आता त्या ट्यूबा. चष्मा लावून आणि मोबाइलचा टॉर्च धरून मी बारीक अक्षरं वाचली. तीन कंपन्या, तीन नावं, आत खिचडी तीच: एक बुरशीनाशक, एक जीवाणूनाशक आणि क्लोबेटासोल. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांमधल्या सर्वांत तीव्र गटातलं. ते बुरशीला काहीच करत नाही. ते आपल्या प्रतिकार यंत्रणेला गप्प बसवतं. झटापट थांबली की लाली जाते, खाज जाते, दोन दिवसांत माणूस खूश. पहारेकरी झोपवलेल्या घरात बुरशी मात्र निवांत जेवत राहते. ट्यूब थांबवली की पहारेकरी जागे होतात, परत लाली, परत खाज, आणि आपण म्हणतो ‘परत आलं’. तोवर कडं दुप्पट झालेलं असतं.

असा स्टिरॉइडनं वेषांतर केलेला नायटा डॉक्टरांनाही चकवतो. इंग्लंडमधल्या आइव्ह आणि मार्क्स या दोन डॉक्टरांनी 1968 मध्ये त्याला नाव दिलं, ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे ओळख लपवून वावरणारा. सासूबाईंच्या कमरेवर साडीच्या परकराची नाडी बसते तिथे एका कड्यात दुसरं कडं, दुसऱ्यात तिसरं, अशी पाण्यातल्या तरंगांसारखी वळी होती. मला वाटलं होतं की हा काही वेगळाच आजार. तो त्याच ट्यूबेचा इतिहास होता, प्रत्येक वळं म्हणजे एकदा चालू करून एकदा थांबवलेलं मलम. नवऱ्याच्या जांघेत तर कातडी पातळ होऊन पांढुरक्या रेघा उमटल्या होत्या. त्या अजून आहेत आणि राहतील.

अशी मलमं चिठ्ठीशिवाय मिळतात कशी, तर वर्षानुवर्षं कायद्यातच फट होती. शेड्यूल एचमधली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची, पण बाहेरून लावायच्या औषधांना त्यातून सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं या गैरवापराविरुद्ध खास कृती दल नेमलं, बरीच वर्षं ओरड केली, तेव्हा मार्च 2018 मध्ये 14 स्टिरॉइडांची मलमं चिठ्ठीच्या कक्षेत आली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्रानं 328 औषधी मिश्रणांवर बंदी घातली. तेव्हा बातम्यांत सॅरिडॉनचं नाव गाजलं. यादीत अशी खिचडी मलमंही होती हे कोणी फारसं बोललं नाही. कागदावर सगळं ठीक झालं. आमच्या तीन ट्यूबांपैकी एकीसाठीही चिठ्ठी लागली नव्हती.

सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वेळी हे असलं नव्हतं, टाकळ्याचा पाला वाटून लावला की नायटा जायचा. पावसाळ्यात भाजी करतात तोच टाकळा. त्याचं संस्कृत नाव चक्रमर्द, चक्र मोडणारा. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं नायट्याचं गोल कडं नीट पाहिलेलं दिसतं. टाकळ्याच्या कुळात क्रायसोफॅनिक आम्ल सापडतं, आणि या आम्लाशी आपल्या किनाऱ्याची एक जुनी ओळख आहे. एकोणिसाव्या शतकात गोवा आणि मुंबईत नायट्यावर एक पिवळसर तपकिरी पूड विकली जायची, नाव ‘गोवा पावडर’. ती येते कुठून हे विकणारे सांगत नसत. शेवटी उलगडा झाला तो ब्राझीलमध्ये. तिथल्या बाहिया प्रांतातल्या एका झाडाच्या खोडातल्या फटींत ही पूड साठते. पोर्तुगीज जहाजांनी ती गोव्याला आणली आणि ब्राझीलच्या पुडीला जगात नाव मिळालं ते गोव्याचं. लंडनच्या बालमॅनो स्क्वायरनं 1876 मध्ये ती सोरायसिसवर चालते असं दाखवलं, आणि तिच्याच धाग्यावरून 1916 मध्ये डिथ्रॅनॉल हे औषध बनलं. पूड जहाल. कपड्यांना डाग पाडायची, कातडी सोलवटायची, डोळ्यात गेली तर हाल. सोलवटलेल्या कातडीबरोबर बुरशीही जात असणार, गुण यायचा तो यानेही असेल. सासूबाईंना मी एवढंच म्हटलं की टाकळ्याची भाजी करू या. वळ्यांवर तो लावू दिला नाही. आधीच पातळ झालेल्या कातडीवर आणखी आग कशाला?

‘आमच्या वेळी हे असलं नव्हतं’ हे मात्र त्या बरोबर म्हणाल्या.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतातला नायटा खरोखर बदलला. पूर्वी दोन-चार आठवड्यांत आवरणारा आजार महिनोन् महिने रेंगाळू लागला, माणसामागून माणूस करत सगळं घर धरू लागला. वडोदऱ्याचे डॉ. श्याम वर्मा यांच्यासारखे त्वचारोगतज्ज्ञ हे सांगत होते. 2020 मध्ये जपानमधल्या रुई कानो आणि सहकाऱ्यांनी तिथे राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतून मिळालेल्या बुरशीला स्वतंत्र जातीचं नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. इंडो म्हणजे आपणच. मे 2023 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांमध्ये ती सापडल्याचं जाहीर केलं. एक बांगलादेशात जाऊन आलेली, दुसरी अलीकडे देशाबाहेर गेलेलीच नव्हती.

हिचं वैशिष्ट्य असं की नायट्यावरचं हुकमी औषध, टर्बिनाफिन, तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. आपल्या पेशींच्या आवरणात जसं कोलेस्टेरॉल तसं बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. ते बनवण्याच्या वाटेवर स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचं एक विकर काम करतं. टर्बिनाफिन त्या विकराच्या खाचेत जाऊन बसतं, काम अडतं, आवरण बिघडतं, बुरशी मरते. इंडोटिनिएच्या अनेक वाणांत त्या विकरातलं 397 वं अमिनो आम्ल बदललेलं आढळतं, फिनाइलअ‍ॅलानिनच्या जागी ल्युसीन. शेकडो मण्यांच्या माळेतला एक मणी. तेवढ्यानं खाचेचा आकार बदलतो, औषध नीट बसत नाही, विकराचं काम मात्र चालू राहतं. अर्धवट लावलेली आणि अर्ध्यावर सोडलेली मलमं अशा वाणांच्या पथ्यावर पडतात असं बरेच तज्ज्ञ मानतात. आमच्या तीन ट्यूबांचं बुरशीनाशकही असंच मधल्यामध्ये, चार दिवस लावून, सोडलेलं.

शेवटी आम्ही पाचही जण एकाच संध्याकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी मुलीला तपासलं आणि विचारलं, “घरात अजून कोणाला खाज आहे?” कोणी बोलेना. नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. सासूबाईच म्हणाल्या, “मला आहे. आणि याला पण असणार, लहानपणापासून सांगत नाही काही.”

बाईंनी सासूबाईंच्या वळ्याच्या कडेवरून बोथट पात्यानं खरवडून थोडा कोंडा काचेवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. हा क्षार केराटिन विरघळवतो, बुरशीला तितक्या सहज नाही. थोड्या वेळानं मुलीला सूक्ष्मदर्शकातून बघायला दिलं. धूसर, विटलेल्या पेशींच्या फरशीवरून चमकदार फांदीदार दोरे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले होते. “शी, हे आजीच्या अंगावर आहे?” ती म्हणाली. “तुझ्यापण,” आजी म्हणाली.

मग घरी ‘आणलं कोणी’ यावर दोन दिवस खटला चालला. सासूबाईंचा संशय जिन्यातल्या मांजरीवर, नवऱ्याचा जिमवर, माझा, खरं सांगायचं तर, भाच्यावर. मांजरींची बुरशी बहुतेक वेळा निराळी, मायक्रोस्पोरम गटातली. इंडोटिनिए माणसाकडून माणसाकडे जाते. लागण आणि चट्टा यांत आठवडा-दोन आठवडे जातात, त्यात स्टिरॉइडचा पडदा, त्यामुळे पहिला कोण हे कधीच ठरणार नव्हतं. पण रस्ता दिसत होता. न्हाणीघरात एकच जाड टॉवेल तिघं वापरायचे. सोफ्यावरची चादर भाच्याची रात्री, सासूबाईंची दुपारी. खराडी बायपासच्या ट्रॅफिकमध्ये रेनकोटची पँट घालून तास तास बसलेला नवरा घरी येऊन तीच ओली जीन्स मशीनमध्ये सगळ्यांच्या कपड्यांत टाकायचा. झडलेल्या कातडीच्या कणांत बुरशीचे बीजाणू महिनोन् महिने जगतात. थंड पाण्याच्या धुलाईत ते मरत नाहीत, एका कपड्यावरून दुसऱ्यावर जातात; त्यासाठी पाणी 60 अंशांचं लागतं. मग कडकडीत ऊन, किंवा शिवणीवरून फिरवलेली गरम इस्त्री.

‘प्रत्येकाचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा’ हे चिठ्ठीवर लिहायला एक ओळ लागते. आमच्या सोसायटीत पाणी टँकरचं. मशीन दिवसातून चारदा लावायचं म्हणजे खालच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव निघायचं. आम्ही मधली वाट काढली: आतले कपडे आणि टॉवेल बादलीत कढत पाण्यात, बाकी मशीनमध्ये, आणि रंगीत चिमटे. मुलीचे पिवळे, सासूबाईंचे हिरवे. जीन्स दोन महिने बंद.

औषधं पोटातून इट्राकोनॅझॉल, वरून साधं बुरशीनाशक मलम. कॅप्सूल लिहिताना बाईंनी नवऱ्याला विचारलं, “सकाळी गॅसची गोळी घेता?” घेतो. इट्राकोनॅझॉल शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं. रोज सकाळी आम्ल मारून वर कॅप्सूल घेतली की निम्मं औषध वाया. ती गोळी त्यांनी बंद करायला सांगितली आणि कॅप्सूल जेवणानंतर. मलमासाठी दोनाचा नियम: दिवसातून दोनदा, कडेच्या दोन सेंटिमीटर पलीकडेपर्यंत, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे. मुलीनं पट्टी आणून आजीच्या कमरेवर सेंटिमीटर मोजले.

पहिले चार-पाच दिवस वाईट गेले. स्टिरॉइड थांबल्यावर पहारेकरी एकदम जागे झाले आणि सगळ्यांची खाज भडकली. रात्री तीनला हॉलमध्ये भाचा आणि सासूबाई दोघंही जागे, पंख्याखाली बसलेले. त्या रात्री घरात ट्यूब असती तर आम्ही हरलो असतो. त्या मी आधीच कचऱ्यात टाकल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून कडा बसायला लागल्या. मुलीचं सर्वांत आधी गेलं, सासूबाईंना दहा आठवडे लागले. शेवटच्या काचेवर दोरे नव्हते.

भाचा दिवाळीनंतर चंदननगरला पीजीत राहायला गेला. जाताना निळे चिमटे घेऊन गेला. जानेवारीत त्याचा रात्री साडेअकराला मेसेज आला: “मामी, रूममेटला पण झालंय. म्हणतो लावलं की दोन दिवसांत जातं.” खाली एका ट्यूबेचा फोटो. मी बोटांनी तो मोठा केला. नाव नवीन होतं, कंपनी नवीन होती. बारीक अक्षरांतल्या तिसऱ्या ओळीवर क्लोबेटासोल.