नाल्यांच्या वाटेने नैनिताल

नैनितालला जाणाऱ्या मराठी मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. काठगोदामला रेल्वेतून उतरायचं, ३४ किलोमीटरचा घाट चढायचा, तळ्यात बोटीने एक फेरी मारायची, मॉल रोडवर मेणबत्त्या आणि स्वेटरांची घासाघीस करायची आणि दुसऱ्या दिवशी भीमतालकडे सुटायचं. गाव पायी पाहायचं तेवढं राहून जातं. खरं तर तळं जेमतेम दीड किलोमीटर लांबीचं. त्याला प्रदक्षिणा घालायला सकाळ पुरते. तेवढ्या फेरीत नजर पाण्यावरून काढून रस्त्याकडेला ठेवली, तर डोंगरावरून उतरणारे, रस्त्याखालून थेट तळ्यात जाणारे दगडी नाले दिसू लागतात. नैनितालची सर्वात महत्त्वाची ऐतिहासिक वास्तू कुठली, या प्रश्नाचं उत्तर चर्च नाही, राजभवन नाही, तर हे नाले आहेत.

फेरी तल्लीतालपासून सुरू करावी. तळ्याचं दक्षिण टोक ते तल्लीताल, उत्तरेचं मल्लीताल. तल्लीतालच्या बस स्थानकाशेजारच्या पुलाला स्थानिक लोक ‘डाँठ’ म्हणतात. १९२९ च्या जूनमध्ये गांधीजी या भागात आले होते. त्यांचा पुतळा इथेच आहे. तळ्यात जादा झालेलं पाणी पुलाच्या दारांतून सोडलं जातं आणि बलिया नाल्यात उतरतं. पुलावर उभं राहिलं की समोर सगळं तळं, उजवीकडे शेर का डांडा, डावीकडे अयारपाटा आणि समोरच्या टोकाला सुमारे २,६०० मीटर उंचीचं नैना शिखर.

स्कंदपुराणातल्या मानसखंडात या तळ्याला त्रिऋषी सरोवर म्हटलं आहे. अत्री, पुलस्त्य आणि पुलह यांनी ते खोदलं, अशी कथा. देवीच्या जत्रेला आसपासची माणसं पूर्वापार येत होती, पण काठावर गाव नव्हतं. ते वसवण्याचं श्रेय जातं पी. बॅरन या शाहजहानपूरच्या साखरेच्या व्यापाऱ्याला. १८४१ च्या सुमारास त्याने ‘पिलग्रिम’ या टोपणनावाने इथली वर्णनं छापायला सुरुवात केली आणि स्वतःसाठी ‘पिलग्रिम लॉज’ बांधलं. तळ्यावर हक्क सांगणाऱ्या नरसिंह नावाच्या स्थानिक मुखियाला त्याने बोटीत बसवून मधोमध नेलं आणि बुडवण्याची भीती घालून हक्क सोडल्याची सही घेतली. ही हकिगत बॅरनने स्वतःच मोठ्या कौतुकाने सांगितली आहे. आज ती वाचताना जमीन बळकावण्याची रीत फारशी बदललेली नाही, एवढंच जाणवतं.

डाँठवरून उजवा काठ धरला की मॉल रोड. आता अधिकृत नाव गोविंद बल्लभ पंत मार्ग. वर एक रस्ता, खाली एक, दोहोंमध्ये चिनार आणि विलोची झाडं, आणि काठाला लागून दुर्गालाल साह यांच्या नावाचं जुनं वाचनालय. हॉटेलांच्या फटीफटींतून नाले उतरतात. एखाद्या नाल्यापाशी थांबून आत डोकवावं. दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि तळाला पायऱ्या. उतारावरून सुटलेलं पाणी पायरीपायरीवर आपटतं, त्याचा जोर मोडतो आणि ते तळ उकरत नाही. तळ्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. पाऊस पडून गेल्यावर तिच्यात अडकलेल्या वेफर्सच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या पाहिल्या, की गावात कोण येऊन गेलं ते कळतं.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर मल्लीतालला मिळतं. सप्टेंबर १८८० मध्ये सलग दोन दिवस पाऊस कोसळत होता. १८ तारखेला, शनिवारी सकाळी शेर का डांडाच्या उतारावर व्हिक्टोरिया हॉटेलजवळ एक दरड आली आणि काही माणसं गाडली गेली. सैनिक, अधिकारी, मजूर त्यांना काढायला धावले. दुपारी डोंगराचा मोठा भाग सुटला. हॉटेल, खालचं दुकान, तळ्याकाठचं सभागृह, नैनादेवीचं मंदिर, सगळं काही क्षणांत गेलं. १५१ माणसं मेली: १०८ भारतीय आणि ४३ युरोपीय व युरेशियन. त्यात वाचवायला गेलेलेही होते.

मल्लीतालच्या ज्या मोकळ्या मैदानावर आज क्रिकेट आणि हॉकी रंगते, मक्याची कणसं भाजली जातात, ते ‘फ्लॅट्स’ म्हणजे बऱ्याच अंशी त्याच दरडीचा मलबा. सपाट जागेचा दुष्काळ असलेल्या गावाला सर्वात मोठं मैदान मिळालं ते असं. काठावरचं सध्याचं नैनादेवी मंदिर १८८३ मध्ये नव्याने उभं राहिलं. शेजारीच गुरुद्वारा आणि थोड्या अंतरावर मशीद.

दरडीनंतर सरकारने नाल्यांचं काम जोरात हाती घेतलं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मिडलमिस आणि हॉलंड यांनी १८९० च्या दशकात या उतारांचा अभ्यास करून अहवाल दिले. तळ्यातून भ्रंशरेषा जाते. शेर का डांडाकडे ठिसूळ पाटीचा खडक, अयारपाट्याकडे मुख्यतः चुनखडक. ठिसूळ खडकात पाणी मुरलं की तो घसरतो. म्हणून पाणी मुरू न देता झटपट खाली न्यायचं, हा साधा हिशेब.

फ्लॅट्सवरून चढ चढत गेलं की देवदारांत ‘सेंट जॉन इन द वाइल्डरनेस’ चर्च लागतं. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन १८४४ मध्ये आले तेव्हा त्यांना रानाच्या कडेला अर्धवट बांधलेल्या घरात झोपावं लागलं होतं. नावातलं ‘वाइल्डरनेस’ तिथून आलं. आत पितळी पट्टीवर दरडीत गेलेल्या युरोपियनांची नावं आहेत. १०८ भारतीयांच्या नावांना गावात अशी जागा मिळाली नाही, हेही इथे उभं राहून लक्षात घ्यावं.

आणखी वर सूखाताल. पावसाळ्यात भरणारा आणि एरवी कोरडा पडणारा हा खोलगट भाग बऱ्याच पर्यटकांना वाहनतळाची जागा वाटतो. प्रत्यक्षात इथे मुरलेलं पाणी जमिनीखालून नैनी तळ्याला मिळतं. इथे मलबा पडत गेला, बांधकामं झाली, आणि अखेर प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१७ च्या उन्हाळ्यात नैनी तळं इतकं आटलं की काठाचा गाळ उघडा पडला.

परतीसाठी अयारपाट्याची बाजू बरी. याच उतारावर गर्नी हाउस आहे, जिम कॉर्बेटचं घर. कॉर्बेटचा जन्म १८७५ मध्ये नैनितालला झाला. वडील इथे पोस्टमास्तर होते. १९४७ मध्ये जिम आणि बहीण मॅगी घर विकून केनियाला गेले. त्याच अंगाला राजभवन आहे आणि मुंबईकराने ते चुकवू नये: त्याचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा वास्तुकार. हे राजभवन बांधावं लागण्याचं कारणही डोंगरच. शेर का डांडावरच्या आधीच्या गव्हर्न्मेंट हाउसला तडे गेले आणि ते सोडून द्यावं लागलं. नवी इमारत १९०० मध्ये पुरी झाली.

तिथून उतरून ठंडी सडक धरावी. वाहनं नाहीत, सावली भरपूर, मध्ये पाषाणदेवीचं छोटं मंदिर. ही वाट शांत असली, तरी भोवतालचा डोंगर स्वस्थ नसतो. ऑगस्ट २०१८ मध्ये समोरच्या काठावर खालच्या मॉल रोडचा एक तुकडा तळ्यात कोसळला. ऑक्टोबर २०२१ मध्ये अवकाळी पावसाने तळं ओसंडून पाणी मॉल रोडवर आलं. अयारपाट्यावरच्या टिफिन टॉपची ‘डोरोथी सीट’ ही दगडी बैठक ऑगस्ट २०२४ मधल्या एका रात्री दरडीबरोबर गेली. चुनखडकाची बाजूही अभंग नाही, हे तेव्हा दिसलं.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. जमल्यास मे-जूनची गर्दी टाळून ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात जावं आणि गाडी मुक्कामी ठेवून पायी फिरावं. आणि हातातली पिशवी, बाटली नाल्यात टाकू नये. नाला तळ्याला मिळतो, आणि नैनितालच्या नळाला पाणी त्याच तळ्यातून येतं.