हवेतील ओलावा आणि शीत ग्रहांवरील चिवट जीवन

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या काळ्या खडकांवर पावसाळा सरल्यावरही राखाडी, पिवळसर चट्टे टिकून राहतात. हे शैवाक होत. मसाल्यातील दगडफूलही त्यांपैकीच. बुरशी व शैवाल यांच्या सहजीवनातून ते घडतात. त्यांना मुळे नसतात. उन्हात ते सुकून निपचित पडतात. मात्र हरित शैवाल असलेले अनेक शैवाक केवळ हवेतील बाष्प शोषून पुन्हा प्रकाशसंश्लेषण सुरू करतात.

येथे महत्त्व आहे ते सापेक्ष आर्द्रतेला. हवा थंड झाली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता घटते आणि थोड्या बाष्पानेही ती संपृक्त होते. मंगळावरील वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे व बाष्प अत्यल्प. तरीही २००८ मध्ये 'फिनिक्स' यानाला तेथील रात्रीची हवा जवळजवळ संपृक्त आढळली.

२००५ मध्ये दोन जातींचे शैवाक सुमारे १५ दिवस उघड्या अवकाशात ठेवण्यात आले. परतल्यावर ते जिवंत होते. तथापि तग धरणे वेगळे आणि वाढणे वेगळे. मंगळावर आर्द्रता वाढते तेव्हा थंडी अतितीव्र असते. ऊब येते तेव्हा हवा कोरडी होते. म्हणून तेथे पाणी आहे काय, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ओलावा, ऊब आणि प्रकाश एकाच वेळी लाभतात काय, हा खरा प्रश्न होय. शिक्षकांनी पहाटेचा व दुपारचा शैवाक विद्यार्थ्यांना दाखविल्यास हा विचार गावातच समजावता येईल.