संगणकाची भाषा शिका, जुगाराची नको!

कराडला विहारात रविवारच्या वंदनेनंतर इंजिनिअरिंगची दोन-चार मुले आमच्यासाठी थांबतात. पूर्वी ती जात पडताळणीचे प्रश्न घेऊन यायची. आता विचारतात, "वकीलसाहेब, शेअर बाजारात करिअर करायचे आहे. संगणकाची कोणती भाषा शिकू?"

हा प्रश्न आपल्याला परका नाही. परदेशी शिकून परतलेल्या बाबासाहेबांनी १९१७-१८ च्या सुमारास मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देणारी फर्म काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि फर्म बंद पडली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या विद्वानाची ही गत! आज सौदे संगणकावर होतात. पडदा जात विचारत नाही, पण खिसा मात्र विचारतो.

तेव्हा उत्तर असे. आधी पायथॉन. ती सोपी आहे, फुकट मिळते; आपला आडाखा मागच्या दहा वर्षांच्या भावांवर टिकला असता का, हे तिच्यात तपासता येते. जोडीला माहितीच्या कोठारातून हवे ते काढणारी एसक्यूएल. डोळ्याचे पाते लवण्याआधी सौदे उरकणाऱ्या कंपनीत नोकरी हवी असेल, तर सी प्लस प्लस. तिच्यासाठी काही वर्षे घासावी लागतात. या सगळ्यांच्या मुळाशी संख्याशास्त्र. ते कच्चे असेल तर कोणतीही भाषा म्हणजे धार नसलेला विळा.

मात्र भाषा आली म्हणून घरचे पैसे लावू नका. सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर सामान्य माणसांपैकी ९३ जण बुडाले. दुसरीकडे, २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के वाटा संगणकी प्रोग्रॅमने केलेल्या सौद्यांचा होता. म्हणजे तुमच्यासमोर माणूस नव्हे, मशीन बसले आहे. बापाने ऊसतोडीतून साठवलेला पैसा आणि भारत सरकारची शिष्यवृत्ती त्याच्या तोंडात घालणार काय?

मशीनसमोर पैसे घेऊन बसू नका. ते मशीन घडवणाऱ्यांत बसा आणि पगार घ्या. नोकरी बाजारात नाही मिळाली, तर पायथॉन आणि एसक्यूएल बँकेत, विमा कंपनीत, कुठेही चालते. सट्ट्याचा अनुभव कुठेच चालत नाही.

समाजबांधवांनाही एक सांगणे. यंदा जयंतीच्या डीजेच्या वर्गणीतून विहारात एक संगणक घ्या. पहिला वर्ग आमच्या पोरांचा भरू द्या.

जय भीम!