पोलीस नेतृत्वाचे उच्च शिक्षण आणि आपण

पोलीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम काठी उभी राहते. मोर्चा अडविणारी, वस्तीत शिरणारी, फिर्याद द्यायला गेलेल्याला ठाण्याच्या पायरीवर तासन् तास बसवून ठेवणारी काठी. या काठीविषयी आपल्या साहित्याने पुष्कळ लिहिले आणि ते लिहिणे आवश्यकच होते. परंतु ती कोठे उचलायची आणि कोठे खाली ठेवायची हे ठरविणारा अधिकारी कसा घडतो, त्याला काय शिकविले जाते, कोण शिकवितो, याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही. पोलीस नेतृत्वाचे पदव्युत्तर शिक्षण हा विषय आपण 'त्यांचा' म्हणून सोडून दिला आहे. तो आपला कसा आहे, हे येथे मांडावयाचे आहे.

पोलिसाचे काम आपल्याला नवीन नाही. माझ्या आज्याने तरुणपणी येसकरकी केली. रात्रीची गस्त, चोराचा माग काढणे, सरकारी सांगावा पोचविणे, बेवारस प्रेताजवळ राखण बसणे ही सगळी कामे वतनदार महाराचीच होती. गावाची सुरक्षितता त्याच्या जागरणावर उभी होती. पण चोर कोणाला ठरवायचे, कोणाचे नाव कागदावर घ्यायचे, हे ठरविणारा पाटील होता. श्रम आमचे आणि निर्णय त्यांचा, अशी ही वाटणी होती. महार वतन कायद्याने १९५९ साली गेले. ही वाटणी मात्र त्याबरोबर गेली असे समजण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांना ही वाटणी नेमकी दिसली होती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे दिलेल्या निवेदनात त्यांनी लष्कर, आरमार आणि पोलीस यांत अस्पृश्यांना भरतीचा हक्क मागितला. मुलकी नोकऱ्यांबाबतची मागणी राजपत्रित आणि अराजपत्रित अशा दोन्ही जागांसाठी होती. म्हणजे प्रश्न केवळ पोटापाण्याचा नव्हता. राज्ययंत्रातील माऱ्याच्या जागांचा तो प्रश्न होता.

आज परिस्थिती काय आहे? मी तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकविते. माझ्या वर्गातील निम्मी पोरे पहाटे मैदानावर धावत असतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक यांत त्यांचे दिवस जातात. शिपाई भरतीच्या पलीकडे त्यांची नजर सहसा जात नाही, आणि घरची परिस्थिती पाहता त्यात त्यांचा दोष नाही. एका विद्यार्थिनीने मला विचारले, "बाई, शिपाईच व्हायचं तर एम.ए. कशाला करायचं?" तिचा प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर द्यायचे तर पोलीस दलाची रचना समजून घ्यावी लागते.

या दलात शिरण्याचे दरवाजे वेगवेगळे आहेत. शिपाई भरतीतून येतो. उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांतून येतात, आणि आय.पी.एस. अधिकारी संघ लोकसेवा आयोगातून. खालून वर जाण्याच्या वाटा आहेत, पण त्या अरुंद आहेत. ज्या दरवाजाने माणूस आत शिरतो, त्यावरच तो पुढे हुकूम देणार की पाळणार हे बहुतांशी ठरते.

आता कायदा पाहू. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. त्यातील सातव्या नियमाप्रमाणे अशा गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही. एवढेच नाही. तो अधिकारी नेमताना त्याचा पूर्वानुभव, त्याची न्यायबुद्धी आणि प्रकरणाचे गर्भितार्थ ओळखण्याची कुवत पाहावी, असे नियम सांगतो. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दलित स्त्रीची फिर्याद पुढे आली, तर ती बांधावरून झालेली मारामारी आहे की जातीने केलेला हल्ला आहे, हे ओळखण्याची कुवत कायद्याने एका अधिकाऱ्याकडे मागितली आहे. ती त्याला कोण शिकविणार? कायद्याचे कलम पाठ केल्याने ती येत नाही. ती समाज समजल्याने येते.

२२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश दिले. अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, तक्रार प्राधिकरण असे ते महत्त्वाचे आदेश होते. राजकीय दडपणापासून पोलिसांना मोकळे करणे हा त्यांचा गाभा होता. बरोबर सात दिवसांनी, २९ सप्टेंबरला, खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनाबद्दल दोषी ठरविले, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप टिकला नाही. ज्या हत्याकांडाने सारा महाराष्ट्र पेटला, त्यातली जात न्यायालयात सिद्ध होऊ शकली नाही. मंत्र्याच्या दडपणातून अधिकारी मोकळा झाला, पण जातीच्या संस्कारातून मोकळा झाला नाही, तर त्याचे स्वातंत्र्य कोणाच्या कामी येईल?

म्हणून या नेतृत्वाच्या शिक्षणाकडे पाहावे लागते. आय.पी.एस. अधिकाऱ्यांसाठी १९४८ साली अबूच्या पहाडावर केंद्रीय महाविद्यालय सुरू झाले. १९७५ साली ते हैदराबादला आले. तीच आजची सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी. तेथील प्रशिक्षणाला नालसार विधी विद्यापीठाच्या फौजदारी न्याय व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवीची जोड मिळालेली आहे. दलाबाहेरच्यांसाठीही वाटा आहेत. सागर विद्यापीठात १९५९ पासून गुन्हेशास्त्राचा विभाग आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजकार्याच्या अंगाने हा विषय दीर्घकाळ शिकविला आहे. गुजरातेतील राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ तर २०२० साली खास या क्षेत्रासाठीच उभे राहिले.

याच टाटा संस्थेचे संचालक, समाजशास्त्रज्ञ म. स. गोरे, यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने १९७१ साली पोलीस प्रशिक्षण समिती नेमली. तिचा अहवाल १९७३ चा. कवायत, कायदा आणि शिस्त यांपलीकडे जाऊन पोलिसाची वृत्ती बदलली पाहिजे, त्याला समाजाचे ज्ञान दिले पाहिजे, हा तिचा आग्रह होता. याच गोऱ्यांनी पुढे १९९३ साली बाबासाहेबांच्या विचारांच्या सामाजिक संदर्भावर ग्रंथ लिहिला. पोलिसाचे शिक्षण आणि जातिव्यवस्थेचे आकलन हे दोन प्रश्न एकाच अभ्यासकाच्या मेजावर होते, ही गोष्ट आपण विसरू नये.

तरीही पदवीवर भाबडा विश्वास ठेवून चालणार नाही. त्यासाठी इंग्लंडचा अनुभव पाहण्यासारखा आहे. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा १९९३ साली लंडनमध्ये खून झाला. त्याच्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन अहवालाने १९९९ साली तीन दोष दाखविले : व्यावसायिक अकार्यक्षमता, संस्थेत मुरलेला वंशद्वेष आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाचे अपयश. त्या देशात केंब्रिजसारख्या विद्यापीठात वरिष्ठ पोलिसांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. असे असूनही २०२३ साली केसी अहवालाला लंडनच्या त्याच पोलीस दलात संस्थेत मुरलेला वंशद्वेष पुन्हा आढळला. याचा अर्थ शिक्षण व्यर्थ आहे असा नाही. अभ्यासक्रमात आकडेवारी आणि व्यवस्थापन भरपूर असेल, पण अन्याय झालेल्याची दृष्टी नसेल, तर त्यातून निघणारा अधिकारी अधिक कुशल होईल, अधिक न्यायी होईलच असे नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, आपला माणूस अधिकारी झाला की तो व्यवस्थेचाच होतो. असे घडते, हे नाकारता येत नाही. पण व्यवस्था त्याला गिळते ती तो एकटा असतो म्हणून. त्याच्यामागे अभ्यास उभा नसतो, अभ्यास करणारे नसतात. केवळ जागा मिळवून भागणार नाही. त्या जागेवर काय शिकविले जावे, यावरही आपला हक्क सांगितला पाहिजे.

माझ्या त्या विद्यार्थिनीला मी सांगितले ते असे. शिपाई हो, त्यात कमीपणा नाही, पण एम.ए. सोडू नकोस. प्रबंधासाठी आपलाच जिल्हा घे. अत्याचाराच्या फिर्यादी किती दिवसांनी नोंदल्या गेल्या? तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केला? नियमाने सांगितलेल्या साठ दिवसांत दोषारोपपत्र गेले का? 'बी समरी' कोणत्या कारणाने मागितली गेली? न्यायालयांचे निकाल उपलब्ध असतात आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज कोणालाही करता येतो. असे पाच-पन्नास प्रबंध महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतून तयार झाले, तर पोलीस प्रबोधिनीत शिकविणाऱ्यांना ते बाजूला सारता येणार नाहीत. पदव्युत्तर वर्ग चालविणाऱ्या माझ्या सहकारी प्राध्यापकांनीही आपल्या विद्यार्थ्यांपुढे हे विषय ठेवावेत. ती पोर सध्या पहाटे सहाला मैदानावर असते आणि दुपारी वाचनालयात सातवा नियम वाचते.