एकदम सोडली, तर?

गटारी उरकली की बाळकुमपासून डोंबिवलीपर्यंत कित्येक घरांत संकल्प केला जातो: श्रावणभर बाटलीला हात लावायचा नाही. अधूनमधून घेणाऱ्याला तो निभावतो. पण वर्षानुवर्षं रोज, अगदी सकाळपासून पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, ‘बाहेरचं काहीतरी आहे,’ आणि रिक्षा भगताकडे वळते.

ती वळायला हवी रुग्णालयाकडे. मेंदूत गाबा हे रसायन चेतापेशींना शांत करतं, ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटचा दाबते. रोजच्या माऱ्यात तोल राखण्यासाठी मेंदू गाबाला दाद देणं कमी करतो आणि ग्लुटामेटची यंत्रणा वाढवतो. अशात दारू अचानक थांबली, की ब्रेक झिजलेला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, अशी गत होते. किडे दिसण्याच्या त्या भ्रमावस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. ती जिवावर बेतू शकते. डॉक्टर गाबाची बाजू सावरणारी औषधं देऊन त्यांचा डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात. सोबत जीवनसत्त्व बी-१ देतात, कारण त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाळकुमकरांना यासाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे.

आठवडाभरात शरीर सावरतं. ओढ मात्र जात नाही. वुल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. फळांचा रस मिळण्याआधी दिवा लागतो हे माकडं शिकली, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या, बक्षिसाची दखल घेणाऱ्या डोपामाइन पेशी रसाऐवजी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. माणसाच्या बाबतीत हा दिवा म्हणजे हळदीचा डीजे, पगाराची संध्याकाळ, नाक्यावरची मित्रमंडळी. सहा महिने कोरडा राहिलेला माणूस तिथे डगमगतो, तेव्हा त्याची शपथ खोटी होती असं नव्हे.

म्हणून मुलांची शपथ घालणं, टोमणे मारणं फारसं कामी येत नाही. भाजीत गुपचूप दारू सोडवण्याची डायसल्फिरामची गोळी मिसळणं तर धोक्याचं. ती घेतलेल्याने दारू प्यायली, तर रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी: तो शुद्धीत असताना बोलणं, न प्यायलेल्या दिवसाची दखल घेणं, त्याच्यासाठी साहेबाला खोटी सबब न सांगणं, गुत्त्याची उधारी न फेडणं.

महाराष्ट्रात मदतीची परंपरा जुनी आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तरीही २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ कुटुंबीयांसाठीही आहे.

उपचारानंतर माणूस घसरला, तर ‘पुन्हा का प्यायलास?’ याऐवजी ‘कुठे, कधी, कोणाबरोबर?’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नावर तो मान खाली घालतो. दुसऱ्याच्या उत्तरावरून पुढचा उपचार आखता येतो.