नैराश्यावर सायलोसायबिन : आशा आणि पुरावा

काही अळिंबींमध्ये आढळणारे सायलोसायबिन हे भ्रमजनक द्रव्य नैराश्यावर गुणकारी ठरेल काय? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या २३३ रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञांच्या आधारासह त्याची एकच मात्रा देण्यात आली. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ३७ टक्के, तर नाममात्र १ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याहून कमी झाली. बाराव्या आठवड्यापर्यंत हा गुण टिकला तो अनुक्रमे २० व १० टक्क्यांतच. शिवाय मोठी मात्रा मिळालेल्या रुग्णाला ते लगेच कळते. साहजिकच गुण औषधाचा किती आणि अपेक्षेचा किती, हे ठरविणे कठीण जाते. काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही आले. तेव्हा आशेला जागा आहे. मात्र चालू औषधे परस्पर थांबविण्याइतका हा पुरावा भक्कम नाही.